जीव घाबरा होणें : एका दुखण्याची कुळकथा

नीरेच्या कांठीं, अकलूजच्या आसपासच्या गांवांत, चाळिशींतली एखादी स्त्री आपलें दुखणें सांगूं लागली म्हणजे बहुधा तिच्या तोंडून प्रथम हेच शब्द निघतात : 'जीव घाबरा होतो.' त्यामागून छातींत धडधडणें, रात्रीं दचकून जागें होणें, अंगांतून वाफा निघणें, कारण नसतां रडूं येणें, अशी तक्रारींची माळ लागते. ही तक्रार नवी नाहीं. नवें आहे तें तिचें स्पष्टीकरण. कोणीं तिला देवीचा कोप म्हटलें, कोणीं वाताचा प्रकोप म्हटलें, कोणीं गर्भाशयाचा खेळ म्हटलें. आणि गेल्या शंभर-सव्वाशें वर्षांत शास्त्रज्ञ तिचा संबंध रक्तांत मिसळणाऱ्या कांहीं सूक्ष्म द्रव्यांच्या चढउताराशीं जोडूं लागले आहेत. ह्या द्रव्यांस हॉर्मोन हें नांव सर्वत्र रूढ झालें आहे. आपल्या परिभाषेंत त्यांस संप्रेरकें म्हणतात. स्पष्टीकरणें बदललीं तसे उपायहि बदलले. आणि उपाय चुकला म्हणजे त्याचें प्रायश्चित्त नेहमीं स्त्रीच्या शरीरानेंच घेतलें. प्रस्तुत लेखांत ह्या स्पष्टीकरणांचा इतिहास थोडक्यांत सांगून, तो इतिहास आज आपल्याच उंसाच्या प्रदेशांत कोणत्या वळणावर येऊन उभा राहिला आहे, हें पाहण्याचा विचार आहे.

ग्रीक वैद्यकापासून आरंभ करणें सोयीचें आहे. हिपॉक्रेटिसच्या नांवावर मोडणाऱ्या ग्रंथसमुच्चयांत स्त्रियांचा श्वास कोंडणें, छाती दडपणें व भान हरपणें ह्या विकारांचें कारण असें दिलें आहे कीं, गर्भाशय आपलें स्थान सोडून शरीरांत वर सरकतो व इतर अवयवांवर दाब आणितो. पुढें युरोपांत रूढ झालेला 'हिस्टेरिया' हा शब्द गर्भाशयाच्या ग्रीक नांवावरूनच बनला. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांत एफेससचा सोरेनस नांवाचा प्रसिद्ध वैद्य होऊन गेला. गर्भाशय हा कांहीं बिळांतून बाहेर पडणारा प्राणी नव्हे, असें त्यानें स्पष्ट बजाविलें. पण सोयीची समजूत मोडण्यास एका वैद्याची साक्ष पुरत नाहीं. सोरेनसनंतर कित्येक शतकें युरोपांतील वैद्यक स्त्रीच्या भीतीचें बिऱ्हाड तिच्या गर्भाशयांतच शोधीत राहिलें.

आपल्याकडील वैद्यकाची दृष्टि थोडी निराळी होती. सुश्रुतानें रजोदर्शनाचें वय बारा व रजोनिवृत्तीचें पन्नास असें सांगितलें; म्हणजे स्त्रीच्या आयुष्यास हे दोन उंबरठे असतात हें त्यास नीट ठाऊक होतें. चरकानें स्त्रियांच्या गुह्यविकारांचे वीस प्रकार वर्णिले व वात बिघडल्यावांचून ते होत नाहींत असें म्हटलें. आणि तोच वात निद्रानाश, भय व मनाचें अस्थैर्य यांचाहि कर्ता मानला गेला. हा वात आजच्या प्रयोगशाळेंत सांपडणार नाहीं. तथापि शरीर व मन यांमधील भिंत पातळ आहे, ही जाणीव ह्या मांडणींत आहे, आणि ती खोटी नव्हे. गर्भिणीविषयींचें विवेचन तर याहून मोलाचें आहे. चौथ्या महिन्यांत स्त्री दोन हृदयांची होते, तेव्हां तिच्या इच्छा मोडूं नयेत, असें सुश्रुत सांगतो. आपल्या 'डोहाळे' या शब्दाचें नातें ह्याच कल्पनेशीं जोडलें जातें. डोहाळजेवण, पहिलटकरणीचें माहेरीं जाणें, बाळंतिणीची सव्वा महिन्याची विश्रांति, ह्या चालींत विटाळाच्या कल्पनांचा कचरा पुष्कळ आहे, हें कबूल केलेंच पाहिजे. पण शरीर पालटत असतां मन नाजूक होतें, तेव्हां आपल्या माणसांनीं तिच्याभोंवतीं जमावें, एवढा शहाणपणा त्यांच्या तळाशीं आहे. आपले पूर्वज कारणाविषयीं चुकले असतील. वेळेविषयीं ते चुकले नाहींत.

मात्र हीं सुखें सर्वांच्या वांट्याला येत नव्हतीं. मोलमजुरी करणारी स्त्री बाळंत झाल्यावर थोड्याच दिवसांत शेतावर जाई. तिच्या घाबऱ्या जिवाला वैद्य नव्हता. होता तो देवऋषी. अंगांत येणें, वारें भरणें, बाहेरची बाधा होणें, अशा नांवांनीं तिचें दुखणें ओळखलें जाई. ह्या प्रकारांतील मारहाणीचा व फसवणुकीचा सुधारकांनीं निषेध केला तो योग्यच होता. परंतु एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. जिचें म्हणणें एरवीं घरांत कोणी मनावर घेत नसे, तिच्या अंगांत आलें म्हणजे सारें घर हात जोडून ऐकत असे. आपलें दुखणें चारचौघांत सांगावयास तिच्यापाशीं दुसरी भाषा नव्हती. देवऋषी गेला तेव्हां ही भाषाहि गेली. आणि तिच्या जागीं दुसरी भाषा देण्याचें काम ज्या वैद्यकाकडे आलें, त्यानें तें कसें केलें, हाच ह्या इतिहासाचा पुढील भाग होय.

एकोणिसाव्या शतकांत ह्या प्रश्नाला दोन वाटा फुटल्या. एक निरीक्षणाची. १८५८ सालीं पॅरिसच्या लुई-व्हिक्तोर मार्से यानें गरोदर, बाळंत व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांच्या मनोविकारांवर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला, आणि शरीरांतील बदल व मनाचे विकार यांची सांगड काळजीपूर्वक मांडली. दुसरी वाट शस्त्राची. १८७२ सालीं अमेरिकेंतील जॉर्जियाचा रॉबर्ट बॅटी, जर्मनीचा आल्फ्रेड हेगार व इंग्लंडचा लॉसन टेट या तिघांनीं एकमेकांपासून स्वतंत्रपणें स्त्रियांचे बीजांडकोश काढण्याची शस्त्रक्रिया केली. त्यांपैकीं बॅटीचें म्हणणें असें होतें कीं, पाळीशीं निगडित असे असह्य शारीरिक व मानसिक क्लेश ज्या स्त्रीस होतात, तिची पाळीच कायमची थांबवावी. त्यासाठीं निरोगी बीजांडकोश काढावे लागले तरी चालेल. ही शस्त्रक्रिया पुढें त्याच्याच नांवानें ओळखली जाऊं लागली, आणि हिस्टेरिया, अपस्मार व वेड यांवरहि तिचा प्रयोग होऊं लागला. स्त्रीची बेचैनी ज्या अवयवांत राहते असें मानलें, तो अवयवच उपटून टाकावयाचा, असा हा न्याय होता. बॅटीपूर्वीं तिला अज्ञानाचा त्रास होता. बॅटीनंतर अर्धवट ज्ञानाचा होऊं लागला. शतक संपण्यापूर्वींच खुद्द वैद्यवर्गांतून ह्या प्रघातावर कठोर टीका झाली व तो ओसरला.

दैवाची गंमत अशी कीं, ह्याच चुकीच्या शस्त्रक्रियेनें खऱ्या शास्त्राचा माग दाखविला. बीजांडकोश काढलेल्या तरुण स्त्रियांना प्रौढपणींचे त्रास अकालीं होऊं लागले : अंगांतून वाफा, निद्रानाश, घाबरेपणा. अर्थात् ह्या लहानशा अवयवांतून रक्तांत कांहींतरी मिसळत असलें पाहिजे. १८९६ सालीं व्हिएन्नाच्या एमिल क्नाउएर यानें काढलेल्या बीजांडकोशाचें कलम प्राण्यांच्या शरीरांत अन्यत्र लावून त्याचें कार्य चालूं राहतें असें दाखविलें. १९०५ सालीं लंडनच्या अर्नेस्ट स्टार्लिंग यानें अशा द्रव्यांना 'हॉर्मोन' हें नांव दिलें; चेतविणें, उठविणें हा त्या ग्रीक धातूचा अर्थ. १९२९ सालीं अमेरिकेंत एडवर्ड डॉइझी व जर्मनींत आडोल्फ बुटेनांट यांनीं इस्ट्रोजेन वर्गांतील पहिलें द्रव्य शुद्ध स्वरूपांत वेगळें केलें, आणि १९३४ सालीं प्रोजेस्टेरॉन हातीं लागलें. ह्या दोहोंच्या मध्यें, १९३१ सालीं, न्यूयॉर्कच्या रॉबर्ट फ्रँक यानें पाळीपूर्वीं कांहीं दिवस स्त्रियांस होणाऱ्या मानसिक ताणाचें वर्णन करून त्याचें कारण संप्रेरकांत असल्याचें प्रतिपादन केलें. स्त्रीची चिंता व संप्रेरकें यांची गांठ शास्त्रीय वाङ्मयांत उघडपणें बांधली गेली ती येथें. पण फ्रँकनें सुचविलेल्या उपायांत, त्रास फारच असल्यास, क्षकिरणांनीं बीजांडकोश निकामी करणें हाहि एक होता! स्पष्टीकरण नवें, पण हात अजून जुन्याच अवयवाकडे वळत होता.

ह्याच काळांत महाराष्ट्रांत काय चाललें होतें? १८८६ हें साल ह्या दृष्टीनें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. त्या वर्षीं आनंदीबाई जोशी यांनीं अमेरिकेंत फिलाडेल्फियाच्या स्त्रीवैद्यक विद्यालयाची पदवी घेतली. हिंदु आर्यांचें प्रसूतिशास्त्र हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. त्याच वर्षीं मुंबईंत स्त्रियांसाठीं कामा रुग्णालय उघडलें. आनंदीबाई १८८७ सालीं निवर्तल्या. पण १८९४ सालीं रखमाबाई लंडनहून वैद्यकीय शिक्षण पुरें करून परतल्या व त्यांनीं सुरत व राजकोट येथें दीर्घकाळ स्त्रियांची शुश्रूषा केली. ह्या घटनांचें महत्त्व केवळ 'पहिली अमुक' ह्या कौतुकापुरतें नाहीं. परपुरुषापुढें पाळीचें नांवहि न काढणाऱ्या बाईला आपलें दुखणें सांगावयास एक कान मिळाला, हें खरें महत्त्व. पुढें १९२७ सालीं रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलें व १९५३ पर्यंत, खटले व निंदा सोसून, तें चालविलें. शरीराच्या गोष्टी सभ्य मराठींत, लाज न बाळगतां, छापून बोलतां येतात, हें त्यांनीं सिद्ध करून दाखविलें. युरोपांत द्रव्य सांपडत होतें, आणि येथें वाचा फुटत होती. रोग्याच्या दृष्टीनें दुसरी गोष्ट पहिलीपेक्षां कमी किंमतीची नव्हती.

आतां ह्या द्रव्यांविषयीं आजचें शास्त्र काय सांगतें तें पाहूं. अकलूजचा मुलूख कालव्याचा आहे. येथें 'पाळी' हा शब्द दोन अर्थांनीं वापरला जातो : एक स्त्रीच्या मासिक धर्माचा, आणि दुसरा पाटाचें पाणी शेतकऱ्यास ठराविक दिवसांनीं मिळतें त्या क्रमाचा. हा दुसरा अर्थ पहिल्याच्या स्पष्टीकरणास दृष्टांत म्हणून फार उपयोगीं पडतो. कोरडवाहू पीक थोड्या पाण्यावर तग धरतें. पण भरपूर पाण्याची संवय लागलेल्या उंसाची पाळी एकाएकीं चुकली तर त्याचीं पानें सुकूं लागतात. पाणी किती आहे यापेक्षां तें किती वेगानें घटलें, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा. संप्रेरकांचेंहि तसेंच आहे. लहान मुलीच्या रक्तांत इस्ट्रोजेन अत्यल्प असतें. म्हणून ती घाबरट असते असें नाहीं. पण पाळीच्या आधींच्या दिवसांत हीं द्रव्यें उतरूं लागतात. गरोदरपणांत तीं अनेक पटींनीं चढतात आणि बाळंतपणानंतर थोड्याच दिवसांत कोसळतात. पाळी कायमची जाण्यापूर्वीं कांहीं वर्षें तीं हेलकावे खातात. ह्या तीन उताराच्या जागा होत. आणि जीव घाबरा होण्याच्या तक्रारी वाढतात त्याहि पुष्कळ अंशीं ह्याच जागीं.

हा उतार मनापर्यंत पोंचतो कसा? मेंदूंत 'गाबा' नांवाचें एक द्रव्य आहे. चेतापेशींची खळबळ शमविणें हें त्याचें काम. प्रोजेस्टेरॉनपासून शरीरांतच तयार होणारें एक उपद्रव्य ह्या गाबाचा शामक प्रभाव, झोपेच्या कांहीं जुन्या औषधांप्रमाणें, वाढवितें, हें १९८६ सालीं प्रयोगानें दिसून आलें. म्हणजे प्रोजेस्टेरॉन एकदम कोसळलें तर मेंदूचा एक नैसर्गिक शामक पहारेकरीहि त्याबरोबर दूर होतो. ह्याच उपद्रव्याच्या धर्तीवर केलेल्या औषधाला बाळंतपणानंतरच्या खिन्नतेवर २०१९ सालीं अमेरिकेंत मान्यता मिळाली, आणि २०२३ सालीं त्याच जातीची गोळीहि निघाली. तथापि सर्वांत बोधप्रद प्रयोग १९९८ सालचा आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेंतील संशोधकांनीं पाळीपूर्वीं फार त्रास होणाऱ्या स्त्रियांची संप्रेरकें औषधानें तात्पुरतीं थांबविलीं, तेव्हां पुष्कळजणींचा त्रास गेला. पुनः दिलीं, तेव्हां तो परतला. पण ज्यांना मुळांत असा त्रास नव्हता, त्या स्त्रियांवर तोच प्रयोग केला असतां त्यांच्या मनावर कांहींच परिणाम झाला नाहीं. द्रव्य तेंच, मात्रा तीच. फरक पडला तो ग्रहण करणाऱ्या शरीराचा. तेव्हां 'बायका म्हणजे संप्रेरकांच्या हातांतल्या बाहुल्या' असें म्हणणाराला शास्त्राचा आधार नाहीं. आणि 'हीं सारीं ढोंगें आहेत' असें म्हणणारालाहि तो नाहीं.

शरीराखेरीज दुसरीहि एक बाजू आहे, आणि ती आपल्या शेजारच्या गोव्यांत फार चांगली तपासली गेली. विक्रम पटेल व त्यांचे सहकारी यांनीं तेथील एका रुग्णालयांत बाळंत झालेल्या स्त्रियांची पाहणी केली. ती २००२ सालीं प्रसिद्ध झाली. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनीं शेंकडा २३ स्त्रियांस खिन्नतेचा विकार असल्याचें दिसून आलें. संप्रेरकांचा उतार तर सर्वच बाळंतिणींना होतो. मग ह्या तेवीसच कां? दारिद्र्य, नवऱ्याशीं न पटणें, आणि मुलगी झाली म्हणून घरांत पडलेला विरस, हीं कारणें तेथें ठळकपणें पुढें आलीं. त्याच मंडळींनीं २००५ सालीं प्रसिद्ध केलेली दुसरी पाहणी ह्या लेखाच्या दृष्टीनें अधिकच महत्त्वाची आहे. अंगावरून पांढरें जाण्याची तक्रार करणाऱ्या स्त्रियांत जंतुसंसर्गापेक्षां चिंता व खिन्नता यांचा संबंध अधिक निकट असल्याचें तींत आढळलें. खेड्यांतील बाई 'मला भीति वाटते' असें सांगत नाहीं. ती 'अंगावरून जातें, कंबर दुखते' असें सांगते. ऐकणारा जाणता असेल तर त्या वाक्यामागचें वाक्य त्यास ऐकूं येईल. जाणता नसेल तर तो फक्त अवयव तपासील.

येथें उंसाची गोष्ट सांगणें प्राप्त आहे. भाटघरचें धरण १९२८ च्या सुमारास पुरें झालें, आणि नीरेच्या उजव्या कालव्याचें पाणी माळशिरस तालुक्यांत खेळूं लागलें. १९३२ सालीं सासवडच्या माळी बागाईतदारांनीं अकलूजजवळ माळीनगरचा साखर कारखाना काढला. शेतकऱ्यांनीं स्वतः उभारलेल्या पहिल्या कारखान्यांत त्याची गणना होते. मागून श्रीपूरचा झाला, आणि स्वातंत्र्यानंतर शंकरराव मोहिते-पाटील यांच्या नेतृत्वाखालीं अकलूजचा सहकारी कारखाना उभा राहिला. दुष्काळी माळाचें नंदनवन झालें, असें म्हणण्याचा प्रघात आहे, व तो अगदींच खोटा नाहीं. पण ह्या नंदनवनाची तोडणी करण्यास माणसें येतात तीं पुष्कळशीं बाहेरून. विशेषतः बीडसारख्या कोरड्या जिल्ह्यांतून. दिवाळीच्या आगेंमागें टोळ्या येतात आणि उन्हाळा लागतां परततात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. मुकादमाकडून दोघांच्या नांवें मिळून आगाऊ 'उचल' घेतलेली असते. आणि एकाचा खाडा पडला तर दोघांची मजुरी कापली जाते. फडांत आडोसा नाहीं, कोपीला न्हाणी नाहीं. पाळीच्या चार दिवसांतहि डोक्यावर मोळी चढते ती चढतेच.

अशा जिण्यांत गुह्यविकार जडले तर नवल नाहीं. १९८९ सालीं राणी व अभय बंग यांनीं गडचिरोलीच्या दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांत शेंकडा ९२ जणींना कांहीं ना कांहीं स्त्रीरोग होता. आणि पूर्वीं कधीं अशी तपासणी झालेल्या स्त्रिया शेंकडा ८ च होत्या. म्हणजे दुखणें सार्वत्रिक आणि तपासणी नाममात्र. मग एके दिवशीं बाई खाजगी दवाखान्यांत जाते. पांढरें जातें, पोट दुखतें, जीव घाबरा होतो, असें सांगते. तेथें तिला कर्करोगाची धास्ती घातली जाते, आणि 'पिशवी काढून टाका' असा सल्ला मिळतो. २०१९ सालीं ह्या प्रकाराचा बोभाटा झाला, तेव्हां राज्य सरकारनें नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशी समिति नेमली. बीड जिल्ह्यांतील ८२,३०९ ऊंसतोड स्त्रियांच्या पाहणींत १३,८६१ जणींचें गर्भाशय काढलेलें आढळलें. म्हणजे सुमारें सहांत एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणींत १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांत हेंच प्रमाण देशभर शेंकडा ३.२ होतें.

आतां बॅटीची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. त्यानें बेचैनी घालविण्यासाठीं अवयव काढला. येथें अवयव काढून बेचैनी आणली जाते. गर्भाशयाबरोबर बीजांडकोशहि काढले, तर जो उतार निसर्ग अनेक वर्षांत पुरा करतो तो कांहीं दिवसांत होतो. बीजांडकोश राखले तरी अशा स्त्रियांत त्यांचें कार्य कांहीं वर्षें आधींच थांबण्याचा संभव असतो. अमेरिकेंतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनीं, पाळी जाण्यापूर्वीं दोन्ही बीजांडकोश काढलेल्या स्त्रियांचा दीर्घकाळ मागोवा घेतला. त्यांत चिंता व खिन्नता यांचें प्रमाण इतर स्त्रियांपेक्षां लक्षणीय अधिक असल्याचें २००८ सालीं प्रसिद्ध झालें. तीस-पस्तीस वर्षांच्या स्त्रीवर ही शस्त्रक्रिया झाली, तर रजोनिवृत्तीचे सारे परिणाम तिच्यावर दहा-बारा वर्षें आधीं कोसळतात. हाडें ठिसूळ होतात, झोंप जाते, छाती धडधडूं लागते. आणि शस्त्रक्रियेचें कर्ज फेडण्यासाठीं पुढील हंगामाची उचल आधींच घेतलेली असते. तिची भीति पूर्वीं निराधार होती असें कोणी म्हणालें असेल. आतां तिला शरीराचाहि आधार मिळाला, सावकाराचाहि मिळाला.

ह्यावर एक आक्षेप येण्यासारखा आहे, आणि तो विचार करण्याजोगा आहे. कित्येक स्त्रिया ही शस्त्रक्रिया स्वतः मागतात. त्यांना पाळीचा जांच नको असतो, खाडा नको असतो. त्यांच्या इच्छेआड येणारे आपण कोण? शिवाय कर्करोग, गांठी, अनावर रक्तस्राव यांत गर्भाशय काढणें हेंच जीव वांचविणारें असतें. दुसरी गोष्ट निर्विवाद आहे. पहिलीविषयीं इतकेंच म्हणावेंसें वाटतें कीं, स्त्रीचा हिशेब चुकीचा नाहीं. तिच्यापुढें मांडलेले आंकडे अपुरे आहेत. वजाबाकीच्या बाजूला किती दिवसांचा रोज बुडतो हें तिला माहीत असतें. पुढील वीस वर्षांची झोंप, हाडें व मनाची शांति किती जाणार, हें तिला कोणीं सांगितलेलें नसतें. अपुऱ्या माहितीवर दिलेल्या संमतीस संमति म्हणणें हा केवळ शब्दांचा उपचार होय. आणि आडोसा, पाणी व विश्रांति मिळाली असती तर तिनें हीच मागणी केली असती काय, हाहि प्रश्न उरतोच.

बोभाट्यानंतर कांहीं झालें नाहीं असें नाहीं. बीडमध्यें खाजगी दवाखान्यांतील अशा शस्त्रक्रियेस जिल्हा शल्यचिकित्सकांची पूर्वपरवानगी आवश्यक करण्यांत आली. २०२२ सालीं केंद्र सरकारनें अनावश्यक शस्त्रक्रिया टाळण्यासाठीं मार्गदर्शक तत्त्वें तयार केलीं, आणि २०२३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें सर्व राज्यांस तीं अंमलांत आणण्याचा आदेश दिला. पण बंदीनें शस्त्र थांबतें, धास्ती थांबत नाहीं. ज्यांचीं गर्भाशयें आधींच गेलीं त्यांचें काय? त्यांच्यासाठीं ज्ञात उपाय साधे आहेत. रक्तक्षयानेंहि छाती धडधडते, आणि कंठग्रंथीच्या विकारानेंहि जीव घाबरा होतो. म्हणून ह्या दोहोंची तपासणी प्रथम करावी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीप्रमाणें देशांतील शेंकडा ५७ स्त्रिया रक्तक्षयानें पीडित होत्या, तेव्हां ही कांहीं दूरची शक्यता नव्हे. अकालीं बीजांडकोश गेलेल्या स्त्रीस, दुसरी आडकाठी नसल्यास, स्वाभाविक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत संप्रेरकें बाहेरून द्यावीं, असें आजच्या वैद्यकाचें मत आहे. २००२ सालीं अमेरिकेंतील एका मोठ्या प्रयोगांत संप्रेरकांचे धोके दिसल्यामुळें सर्वत्र भीति पसरली. पण त्या प्रयोगांतील स्त्रियांचें सरासरी वय ६३ होतें. साठीच्या स्त्रीचा निकाल पस्तिशीच्या स्त्रीस लावणें हा न्याय नव्हे. आणि ह्या सर्वांबरोबर हवें तें निवांतपणें बोलणारें व ऐकणारें माणूस. तें प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रांत, व हंगामांत प्रत्येक कारखान्याच्या तळावर असावयास हवें.

ह्या सबंध इतिहासांतून निघणारें तात्पर्य एकच आहे. संप्रेरकांचा शोध लागला म्हणून स्त्रीची भीति आपोआप समजली असें होत नाहीं. तो शोध आपणांस एवढेंच सांगतो कीं, तिच्या आयुष्यांत कांहीं उताराच्या जागा आहेत आणि तेथें जमीन निसरडी असते. तेथें कोण घसरेल, हें शरीराच्या घडणीवर जितकें अवलंबून आहे, तितकेंच शेजारीं हात देणारें कोणी आहे कीं नाहीं यावरहि आहे. ग्रीकांपासून बॅटीपर्यंत, आणि बॅटीपासून बीडपर्यंत, चूक झाली ती ज्ञान कमी होतें म्हणूनच केवळ नव्हे. प्रश्न विचारण्यापूर्वींच उत्तर हातीं घेण्याची घाई होती म्हणून. नीरेच्या कांठची बाई 'जीव घाबरा होतो' असें म्हणते, तेव्हां 'केव्हांपासून? पाळीचें काय? झोंप लागते का? घरीं कसें आहे?' असे चार प्रश्न विचारावयास पांच मिनिटें लागतात. तीं पांच मिनिटें ज्या समाजाला परवडत नाहींत, त्याला पुढें शस्त्राचा, कर्जाचा व रात्रींच्या जागरणांचा हिशेब चुकता करावा लागतो. आणि तो हिशेब आजवर त्यानें आपल्या खात्यांतून कधींच चुकता केलेला नाहीं.